वयोमानाप्रमाणे

१८ एप्रिल १९७६, रविवार

दूध, भाजी, रॉकेल यांचा हिशेब पहिल्या वहीत मांडून झाला. ही दुसरी वही. हिच्यात जे जाईल ते कुणाला दाखवायचं नाही, ह्यांना तर मुळीच नाही.

दुपारी एक माणूस दारात आला. तिशीचा असेल. खांद्याला पिशवी, पिशवीत छापील कागद. "नाथाजी हवालदार इथंच राहतात का? वय किती त्यांचं?" पुरुषाचं नाव विचारून झाल्याबरोबर वय विचारणारा माणूस सध्या कशासाठी फिरतो हे सांगलीत कुणालाही सांगावं लागत नाही. ह्यांना एक्कावन्न उलटून गेलं. पण यादी भरायची असली की वय कोण बघतो? आधी टेबलावर घेतील, मग विचारतील.

म्हटलं, घरात नाहीत. हे आतल्या खोलीत पडलेले. दत्तमहाराज, खोटं बोलले, पण निमित्त तुम्ही बघितलं आहे.

तो म्हणाला, मी नसबंदीवाला नाही हो, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. प्राध्यापक पुकळे, जोतिबा पुकळे. माणसाची बुद्धी वयाबरोबर कमी होते ती किती, हे मोजायचं आहे. त्यासाठी जुने फौजी लोक हवेत.

"बुद्धी मोजायला ती काय ज्वारी आहे?" मी म्हटलं आणि दार लावलं.

शेजारची हरणाबाई गॅलरीतून सगळं ऐकत होती. म्हणाली, "बरं केलंसा वैनी. आता कालेजातली बी माणसं धाडत्यात व्हय?"

२४ एप्रिल, शनिवार

महिना संपत आला आणि पिठाचा डबा अजून अर्धा. आधी आनंद झाला. मग डोकं चालायला लागलं. हे पूर्वी तीन भाकऱ्या खात. आता दीड खाऊन ताट सरकवतात. "आवं, भाजी बिघडलीया का?" विचारलं तर "न्हाई, भूक न्हाई," एवढंच.

आणि अंग मात्र वाढतं आहे. दिवाळीला शिवलेल्या सदऱ्याची बटणं लागेनात. घरात खाणं कमी आणि अंग वाढतं, याचा अर्थ दुसरीकडे कुणीतरी वाढतं आहे. आणि चांगलं तूप घालून वाढतं आहे.

२ मे, रविवार

काल ह्यांनी फौजेतली लोकरीची जर्सी ट्रंकेतून काढली आणि घातली. बाहेर कावळे चोची उघडून बसलेत, नळाला पाणी गरम येतंय, आणि हा माणूस जर्सी घालून कुपवाडला कामावर निघाला. हरणाबाईनं विचारलंच, "वैनी, हवालदारांस्नी थंडी वाजतीया, का कुणाला दावायला घातलीया?" मी हसले. हसू कसलं ते माझं मला माहीत.

जर्सीत हे अजून रुबाबदार दिसतात. जिला दिसायचं तिला दिसत असतील.

आवाजही बसका झाला आहे. संध्याकाळी आले की जीभ जड. झोपल्यावर तोंडाचा वास घेतला. दारूचा नव्हता. वेलदोड्याचाही नव्हता. काहीच नव्हता. त्यानं संशय वाढलाच.

९ मे, रविवार

तो प्राध्यापक आज पुन्हा आला, आणि ह्यांनी उठून स्वतः त्याला आत घेतलं! म्हणे रस्त्यात भेट झाली होती आणि ह्यांनीच बोलावलं होतं. एरवी पाहुणा आला तर सतरंजी अंथरायला सांगावी लागते. मी चहा टाकला, साखर बेतानंच घातली, आणि ह्यांच्याशेजारी भिंतीला टेकून बसले. घरात काय चाललंय ते मला कळायला पाहिजे.

त्यानं शब्दांचे अर्थ विचारले. दोन वस्तूंत सारखं काय ते विचारलं. बैलगाडी आणि सायकल? हे बघत बसले. मी हळूच म्हटलं, "आवं, चाकं." "चाकं," हे म्हणाले. मग महिने उलटे सांगायचे होते, फाल्गुनापासून मागे. हे माघापर्यंत गेले आणि माझ्याकडे बघायला लागले. जेवताना आमटी हवी असली की बघतात तसे. मी सांगत गेले, हे म्हणत गेले. परक्या माणसापुढं नवऱ्याला तोंडघशी पडू देऊ काय?

प्राध्यापक लिहीत होता. चहा मात्र पूर्ण प्यायला.

१३ मे, गुरुवार

दत्ताचा वार, उपास. संध्याकाळी प्राध्यापक निकाल सांगून गेला. ह्यांनी थेट विचारलं, "सर, डोकं चालंना झालंय का माझं?" असा प्रश्न ह्यांनी मला कधी विचारला नाही.

तो म्हणाला, घाबरू नका. वयोमानाप्रमाणे आहे. पंचविशीपर्यंत बुद्धी चढते, मग उताराला लागते. सगळ्यांचीच. माझीही लागली असेल. त्यानं कागदावर डोंगरासारखी रेघ काढून दाखवली.

ह्यांचा चेहरा खुलला. मलाही बरं वाटलं, देवापुढं साखर ठेवली. पण ह्यांना ही विचारपूस करावीशी का वाटली? मन कुठं गुंतलं असलं की कामावर चुका होतात, मग माणूस वयाचा दाखला शोधतो. ह्यांच्या कारखान्यात स्टोअर ह्यांच्या हाताखाली आहे. कुठला पाना, कुठलं बेअरिंग कुठल्या फळीवर, हे डोळे मिटून सांगायचे. हल्ली मालकाचा भाचा नानासो स्टोअरमध्ये घुटमळतो असं हेच म्हणाले होते. नोकरीची अजून सात वर्षं आहेत.

१९ जून, शनिवार

वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना मन थाऱ्यावर नव्हतं. हाच नवरा सात जन्म मागायचा, तर आधी या जन्मीचा कुणाच्या घरी जेवतो ते बघितलं पाहिजे.

म्हणून आज गेले. इस्लामपूरला दिलेल्या लेकीकडे जाते म्हणून सांगितलं आणि कारखाना सुटायच्या वेळी कुपवाडच्या फाट्यावर चिंचेखाली उभी राहिले. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. हे बाहेर आले. सायकल हातात धरून चालत, बसून नाही. आणि बरोबर एक बाई! फाटकाजवळ चहाची टपरी आहे, तिथली. काळीसावळी, कपाळाला ठसठशीत कुंकू. ती काहीतरी सांगत होती, हे मान हलवत होते. वळणापर्यंत ती बरोबर आली, हात करून सांगलीकडचा रस्ता दाखवला. जसा काही तो ह्यांना ठाऊक नाही! लाडिकपणा दुसरा काय.

मग ह्यांनी मला बघितलं. सरळ बघितलं, पदर ओढलेला असूनही. थांबले. तोंड उघडलं. आणि मान फिरवून निघून गेले.

चोरी पकडली गेल्यावर माणूस याहून वेगळं काय करतो?

घरी आल्यावर ताट वाढून पुढं सरकवलं. भाकरी दीडच.

८ ऑगस्ट, रविवार

साताऱ्याहून आज परत आलो. तिकडं निवृत्त फौजी लोकांचा मेळावा होता, आमच्या कोरेगावकडच्या गावचेही बरेच होते. प्राध्यापक पुकळे तिथंही हजर. ह्या माणसाला दुसरं काम नाही काय? भरतीच्या वेळी फौजेनं ज्यांची अक्कल तपासली होती त्यांना तो गोळा करत होता. प्रश्न तेच, माणसं तीच, मधे तीस वर्षं गेलेली.

बायकांना आत घेतलं नाही. मी म्हटलं, मी नुसती बसते. तो म्हणाला, "वैनी, तुम्ही नुसत्या बसत नाही." हसून म्हणाला, पण मला ते हसू आवडलं नाही.

हॉलमध्ये पत्र्याखाली उकडून सगळे घामाघूम होऊन बाहेर आले. एकमेकांच्या पाठी थोपटत होते. ह्यांच्या पलटणीतला कोंडीबा सगळ्यात मोठ्यानं, "आपलं डोस्कं अजून पलटणीतलंच हाय रं!" हे सगळ्यात शेवटी आले. कपाळावर घामाचा थेंब नाही. कोंडीबानं विचारलं, "काय रं नाथाजी, झालं का सगळं?" हे म्हणाले, "व्हय." डोळे मात्र जमिनीकडे. मी विचारलं तर म्हणाले, "तू पायजे हुतीस."

हे वाक्य कसं घ्यावं कळेना. जूनपासून माझ्याशी एवढं गोड बोलले नव्हते.

२२ ऑगस्ट, रविवार

आज भांडण झालं. मी प्राध्यापकाशी भांडले.

आला आणि म्हणाला, माझं मत बदललं आहे. नाथाजीरावांचं हे वयोमानानं नाही. मिरजेला मोठ्या दवाखान्यात दाखवा.

हे आत झोपलेले. दिवसाढवळ्या झोपतात हल्ली. मी म्हटलं, "मे महिन्यात तुम्ही डोंगर काढून दाखवलात. सगळ्यांचंच उतरतं म्हणालात. तो डोंगर कुठं गेला?"

"डोंगरच चुकीचा होता, वैनी. आम्ही काय केलं होतं, वीस वर्षांची पोरं आणि पन्नास वर्षांची माणसं एकाच दिवशी शेजारी बसवून मोजली. पोरं शाळेत गेलेली, मोठी माणसं गेलीच नव्हती. फरक शाळेचा होता, आम्ही तो वयाच्या नावावर लिहिला. साताऱ्यात मी तीच माणसं परत मोजली. बहुतेकांची बुद्धी जिथल्या तिथं आहे. शब्दांची तर वाढली. हात थोडे मंद झालेत, इतकंच. आणि त्या सगळ्यांत नाथाजीराव एकटे खाली आलेत. खूप खाली."

"म्हणजे तुमच्या पुस्तकानं चूक केली आणि भोगायचं आम्ही."

"पुस्तकाची चूक होती म्हणून तर तुम्हाला धीर दिला मी. सगळ्यांचंच असं होतं, म्हणून. आता तसं म्हणता येत नाही."

"भाजीवाली सकाळी एक आणि दुपारी एक भाव सांगायला लागली तर तिच्याकडं मी परत जात नाही."

तो तापला. तापल्यावर त्याची माणदेशी बोली बाहेर आली. "आवं, मला कळलंच आता, तर आदी कसं सांगू? उद्या आणखी काय कळलं तर त्ये बी सांगीन की!" मग जरा शांत होऊन म्हणाला, "आणि वैनी, मे महिन्यात उत्तरं कुणी दिली होती?"

मी म्हटलं, मी फक्त आठवण करून देत होते. संसारात एवढं चालतं.

"किती दिवस देताय?"

मी त्याला दार दाखवलं.

मला आता सगळं समजलं आहे. नानासोला स्टोअरची खुर्ची हवी आहे. त्यानं प्राध्यापकाला गाठलं असणार. मिरजेच्या डॉक्टरचा कागद झाला की नोकरी गेली. शिकलेला माणूस फुकट मत बदलत नाही.

४ सप्टेंबर, शनिवार

जायचं नाही ठरवलं होतं, पण गेले. त्या टपरीवालीलाच विचारावं म्हटलं. तिचं नाव रंगुबाई. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आधी फळकुटावरचं पाणी पुसून मला बसायला जागा केली.

"बरं झालं आलासा वैनी. मीच येणार हुते, पर घर ठाव न्हाई. आवं, हवालदारांस्नी घरचा रस्ता आटवत न्हाई. दोनदा हितनं माधवनगरकडं गेल्यात. म्हून मी वळणापतूर जाते रोज."

मी विचारलं, जेवायला देतेस का त्यांना?

ती बघतच राहिली. "ज्येवायला? बशीतला च्या बी पुरा पीत न्हाईत. पैलं कसं बोलायचं, थट्टा करायचं! आता फळीवरची वस्तू मागितली की माझ्याकडं येत्यात, म्हनत्यात रंगुबाई, त्ये काय म्हनत्यात त्याला? मी काय सांगू, मला काय कळतंय त्यातलं?"

गोड बोलते बाई. डोळ्यांत पाणी आणलं तिनं. असं पाणी आणता येतं, मला माहीत आहे.

पण खोटं सांगून तिला काय मिळणार, हे परत येताना संपूर्ण रस्ता शोधत होते. सापडलं नाही.

५ सप्टेंबर, रविवार

आज दुपारच्या जेवणाला मी ठरवून तोंड बंद ठेवलं. आमटीत मीठ घातलं नव्हतं. मुद्दाम.

पहिला घास घेऊन ह्यांनी ताटाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "ते... ते दे." मी भाकरी थापत राहिले. "ते गं. पांढरं." मी वळले नाही. हातातली भाकरी फाटली.

ह्यांनी सगळी आमटी अळणीच खाल्ली आणि हात धुवायला उठले. चिडले सुद्धा नाहीत. एके काळी मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलेला माणूस.

मी मोरीत तोंड घालून रडले.

१६ सप्टेंबर, गुरुवार

मिरजेला जाऊन आलो. औदुंबरला जाऊन दत्ताला विचारून मग गेले. प्राध्यापक बरोबर आला होता. मी त्याला तिकीट काढू दिलं नाही. उपकार नकोत.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी ह्यांचं डोकं तपासलंच नाही. चेहऱ्याकडं बघत बसल्या. भुवयांवरून बोट फिरवलं, हाताची कातडी चिमटीत धरली, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला, पण परत खाली यायला आळस करत आला. मग मला विचारायला लागल्या. खाणं कमी झालंय का? तरी वजन वाढलंय? उन्हाळ्यात थंडी वाजायची? आवाज बदललाय? घाम येत नाही? दिवसा झोपतात?

माझ्या अंगावर काटा आला. मी ज्या ज्या गोष्टीवर संशय घेतला होता ती एकेक गोष्ट ही बाई ओळीनं विचारत होती. वाटलं, ही वही कुणी वाचली की काय! घरी आल्यावर आधी वहीची जागा बदलली.

त्या म्हणाल्या, गळ्यात एक ग्रंथी असते. तिचं काम मंदावलं की सगळा माणूसच मंदावतो. अंगही, डोकंही. वयाचा संबंध नाही. रक्त मुंबईला पाठवावं लागेल. माझा तर्क बरोबर निघाला तर गोळ्यांनी उतार पडेल. चूक निघाला तर दुसरं शोधू.

ह्यासुद्धा तशाच. "चूक निघाला तर." एकजण म्हणून खात्रीनं बोलत नाही.

कारखान्यात रजेचा अर्ज दिला. सोमवारपासून स्टोअरच्या किल्ल्या नानासोकडे.

३० ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीच्या आधी मुंबईचा कागद आला होता. डॉक्टरीणबाईंचा तर्क बरोबर. गोळ्या सुरू केल्या. एवढीशी गोळी, तीही सुरुवातीला अर्धीच. एवढ्याशा गोळीनं एवढा मोठा माणूस जागा होणार, हे काही मला पटत नाही. गोळीबरोबर तीर्थही देते. गुण आला तर कुणाचा, ते दत्तालाच माहीत.

मालकांना भेटून आले. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "वैनी, पुकळे सरांनी लिहून द्यावं की डोकं पूर्वीसारखं हाय. किल्ल्या परत देतो. तोवर नानासोलाच बसवणार, मला कारखाना चालवायचाय."

म्हणजे पुन्हा तोच प्राध्यापक. मी त्याला दाराबाहेर काढलं होतं.

१९ डिसेंबर, रविवार

सकाळी ह्यांनी जर्सी काढून दोरीवर टाकली. बाहेर खरी थंडी, आणि म्हणतात, "उकडतंय." काल तिसरी भाकरी मागितली. पीठ महिनाअखेरपर्यंत पुरणार नाही. बरं झालं.

बोलतातही. संध्याकाळी पाटावर बसून स्वतःहून बोलले. "जूनमदी तू फाट्यावर उबी हुतीस."

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. म्हटलं, बघितलं होतं ना तुम्ही? मग तोंड का फिरवलंत?

"हाक मारणार हुतो. वळखलं तुला. घरची हाय, माझी हाय, सगळं कळत हुतं. पर नाव येईना. बायकूचं नाव येईना म्हनून लाज वाटली. म्हटलं, हिला कळायच्या आत जावं."

मी चुलीतलं लाकूड नीट होतं तरी सारखं करत बसले. सहा महिने ती गोष्ट मी छातीवर दगड ठेवल्यासारखी बाळगली होती, आणि ह्यांनीही.

हरणाबाईचा आवाज आला, "वैनी, काय जळतंय?" भाकरी जळत होती.

२७ फेब्रुवारी १९७७, रविवार

आज प्राध्यापक आला. मी बोलावणं पाठवलं होतं. आल्याबरोबर म्हणाला, "आज चहात साखर पडणार काय, वैनी?" मी म्हटलं, आधी काम करा. दोन चमचे घातली मात्र.

त्यानं सांगितलं, परीक्षा तीच घेतो, आणि जे निघेल तेच मालकांना लिहीन. कमी निघालं तर कमी लिहीन. मी म्हटलं, मग परत मत बदलाल. म्हणाला, "कारण दिसलं तर बदलीन." मी ह्यांच्याकडं बघितलं, हे हसत होते. ह्या माणसाची ह्यांना भीती वाटत नाही. मला अजून वाटते.

मी भिंतीशी सतरंजीवर बसायला गेले. हे म्हणाले, "तू आत जा."

आत गेले. मधे नुसता पडदा. शब्दांचे अर्थ हे धडाधड सांगत होते, एकदोन ठिकाणी प्राध्यापकाशी वाद घातला. बैलगाडी आणि सायकल? "दोनी चढाला ढकलाव्या लागत्यात," हे म्हणाले, आणि दोघं हसले. हे उत्तर बरोबर की चूक, मला कळलं नाही.

मग उलटे महिने. फाल्गुन, माघ, पौष. मी पोळपाटापाशी उभी. मार्गशीर्ष, कार्तिक. मग थांबले.

पडद्याच्या फटीतून दिसत होते. ह्यांचा चेहरा पडद्याकडं वळला. मी इथं उभी आहे हे त्यांना माहीत होतं. किल्ल्या, खुर्ची, पुढची सहा वर्षं, सगळं त्या एका शब्दावर आहे असं मला वाटलं, आणि तो शब्द माझ्या जिभेवर होता. नुसता श्वास सोडला असता तरी त्यांना ऐकू गेला असता.

मी पदराचा बोळा तोंडात धरला.

"भाद्रपद," हे म्हणाले. "श्रावण, आषाढ, ज्येष्ठ, वैशाख, चैत्र." एका दमात, परेड संपवल्यासारखे.

आश्विन राहिला होता.

प्राध्यापकानं काहीतरी लिहिलं. चूक लिहिली की बरोबर, बघायला मी गेले नाही. चहा गाळून ठेवला आणि ह्यांनी हाक मारीपर्यंत आतच बसून राहिले.